खिशातला फ्यूज

२४ जानेवारी, शनिवार. अण्णांच्या पलंगाशेजारचं सॉकेट बदलणे. पितळी दिव्याची वायर बदलून थ्री-पिन प्लग लावणे. दिवा भिंतीवर बसवणे.

माझ्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे. कामं आधी लिहायची आणि झाली की खोडायची, ही माझी सवय. ही तिन्ही कामं खोडलेली आहेत. बाकी जे झालं ते खोडण्यासारखं काम नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

सामान मी नगरहूनच घेऊन गेले होते. तीन तारांची वायर, प्लग, दोन सॉकेट, होल्डर, चिकटपट्टी, टेस्टर, पक्कड, ड्रिल. मी एका कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये काम करते. मुलांनी मोडलेले प्लग जोडण्यात पंचवीस वर्षं गेली. वायर सोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही. या वेळी मात्र ती घ्यावी लागली, आणि तीही स्वतःच्या भावाची.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात ते आयुष्यभर वायरमन होते. रिटायर झाल्यावर बेलापूरला घर बांधलं. आता तिथे ते, माझा थोरला भाऊ आणि वहिनी असे तिघं राहतात. भावाला मी दादा म्हणते. आई जाऊन सहा वर्षं झाली.

त्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. ते कधी इकडचं तिकडचं बोलत नाहीत.

"तू कवा येनार? रविवारी वायरमन येनार हाय. माझा पॉइंट बंद करनार हायेत."

"कुठला पॉइंट?"

"पलंगापाशीचा. वायरमनच्या घरातला पॉइंट दुसरा वायरमन येऊन बंद करनार. आता बोल."

मग दादानं फोन घेतला आणि काय झालं ते सांगितलं. अण्णांनी माळ्यावरून आईचा जुना दिवा काढला होता. पलंगावर पडून पेपर वाचायला त्यांना तो हवा होता. दिव्याच्या वायरीला प्लग नव्हता. त्यांनी वायरीची दोन टोकं सोलली, सॉकेटच्या भोकांत घातली आणि वर आगपेटीच्या काड्या ठोकल्या.

आमच्याकडे ही युक्ती कुणाला शिकवावी लागत नाही. प्लग नसला, सैल झाला, मांडवात घाई असली की काडी. वायर निसटत नाही, आणि एखाद्या दिवशी माणूसही सुटत नाही. पण काड्या अण्णांनी लावाव्यात, हे मला फोनवर खरंच वाटेना. कारखान्याच्या कॉलनीत कुणाच्या घरी काडी दिसली तर अण्णा मेन स्विच पाडून वायर उपटायचे आणि गुंडाळून घरी घेऊन यायचे. "काडी चुलीसाठी आसती," एवढंच बोलायचे. ती वायर परत मागायला यायचं तर नवा प्लग हातात घेऊन यावं लागायचं.

"मी बोललो तर म्हणतात, मी कुठं लावल्या काड्या," दादा म्हणाला. "अगं, लावल्याचं त्यांना आठवतच नाही. मी टेस्टर, पक्कड सगळं कपाटात टाकून कुलूप लावलंय. आता तो पॉइंटही बंद करतो. वर ट्यूबलाईट आहे ना?"

"ट्यूबलाईटचं बटण दारापाशी आहे. पलंगावरून उठून जायचं का त्यांनी?"

"बटण आम्ही दाबू."

आता प्रश्न नुसत्या दिव्याचा राहिला नव्हता. ज्या माणसानं अख्ख्या कॉलनीचे दिवे लावले, त्यानं आपला दिवा लावायला सुनेला हाक मारायची. मी दादाला म्हटलं, शनिवारी मी येते. सॉकेट नवं घालते, दिव्याला धड वायर आणि प्लग लावते. मग रविवारी वायरमनला काय सांगायचं ते ठरव.

दादा म्हणाला, "ठीक आहे. पण अण्णांनी कशाला हात लावायचा नाही. आणि सेफ वाटलं नाही तर मी पॉइंट बंद करणार."

मी हो म्हटलं. अट रास्त होती.

शनिवारी दुपारी पोहोचले तेव्हा दादा श्रीरामपूरला दुकानावर गेला होता. सात वाजता येणार होता. अण्णा पलंगावर बसून होते आणि दिवा मांडीवर होता. फडक्यानं पुसून पुसून पितळ लख्ख केलं होतं.

हा दिवा आमच्या घरात आला तेव्हा मी पहिलीत असेन. कारखान्याच्या गेस्ट हाऊसचं जुनं सामान भंगारात निघालं, त्यातून अण्णांनी तो आणला. भिंतीत बसणारा पितळेचा वाकडा दांडा, टोकाला हिरवी मिन्याची टोपी. क्वार्टरमध्ये तो आईच्या शिवणमशीनच्या वर बसला. आई कॉलनीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर तिला तोच दिवा लागायचा. उजेडाचा एक गोल मशीनवर पडायचा आणि त्या गोलाच्या कडेला बसून मी अभ्यास करायचे. सरकत सरकत वही आत गेली की आई कोपरानं ढकलून बाहेर काढायची. "तुझा आर्धा, माझा आर्धा," म्हणायची, पण तिचा अर्धा नेहमी मोठा असायचा.

मी दिवा उलटा करून पाहिला. आतली वायर दोनच तारांची, सुती वेष्टणाची, बोटांनी दाबली तर भुगा होत होता. अंग सगळं पितळेचं. आतली तार कुठे उघडी पडून दांड्याला टेकली असती, तर दिव्याला हात लावणाऱ्याचं काही खरं नव्हतं.

"तीन तारांची आनलीस का?" अण्णांनी विचारलं.

"आणली."

"हिरवी तार दांड्याला. आतल्या स्क्रूखाली, तिथला रंग खरवडून. रंगावर बसवलीस तर नुसती शोभा."

"माहितीय मला."

"म्हाईत समद्यांना आसतं," अण्णा म्हणाले. "अर्थिंग बघितलीस?"

वहिनी दारातून म्हणाली, "मामा, सकाळीच दोन बादल्या ओतल्यात खड्ड्यात. तुम्ही तीनदा सांगितलंत." सासऱ्यांना ती मामा म्हणते. परसदारी अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ-कोळसा भरलेला. तो कोरडा पडू द्यायचा नाही, हा अण्णांचा नियम. आई होती तोवर भांडी विसळलेलं पाणी तिथेच जायचं.

भिंतीला भोकं पाडून गिट्ट्या ठोकण्याचं काम मी आधी उरकलं, कारण ड्रिलला लाईट लागते. मग दिव्याची जुनी वायर काढली. नवी ओवली. होल्डरच्या आत वायरीला गाठ मारली, म्हणजे कुणी ओढलं तर ओढ गाठीवर येते, स्क्रूवर नाही. तांब्याचे केस पिळून स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं वळवले. हिरवी तार आतला रंग खरवडून दांड्याला आवळली. प्लगमध्ये वरची मोठी पिन हिरवीची, समोरच्या सॉकेटात उजवीकडे जाईल ती पिन लाल तारेची, डावीकडची काळीची. शेवटी वायरीचं जाड अंग प्लगच्या चिमटीखाली दाबून बसवलं. अण्णांनी प्लग हातात घेऊन वायर तीनदा ओढून पाहिली. त्यांची बोटं थरथरतात, पण ओढ चांगली होती.

"हं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हं म्हणजे पास.

राहिलं सॉकेट. त्यासाठी लाईट बंद करणं आलं.

बेलापूरच्या घरात अजून चिनी मातीचे फ्यूज आहेत. मधल्या बोळात मीटरखाली लाकडी बोर्ड, त्यावर मेन स्विच आणि दोन फ्यूज. एक सगळ्या घराचा, एक पाण्याच्या मोटारीचा. साबणाच्या लहान वडीएवढा पांढरा ठोकळा ओढून काढला की तेवढी लाईन तुटते. मी आधी सॉकेटमध्ये टेस्टर घालून तो पेटतो हे बघितलं. मेन स्विच पाडला, घराचा फ्यूज काढला, मेन परत वर केला. फ्रीज गप्प झाला. सॉकेटमध्ये टेस्टर घातला, पेटला नाही. मग मोटारीच्या सॉकेटात घालून पुन्हा बघितला, पेटला. म्हणजे टेस्टर जिवंत आहे आणि सॉकेट मेलेलं आहे. तीन वेळा बघायचं, ही अण्णांची शिकवण. "टेस्टर मेला तरी पेटत न्हाई, अन लाईन मेली तरी पेटत न्हाई. कोन मेलंय ते आधी बघ."

फ्यूज माझ्या हातात होता. आता तो ठेवायचा कुठे?

याचाही नियम होता, आणि तो सगळ्यांत मोठा. जो लाईनवर काम करतो, फ्यूज त्याच्या खिशात. बोर्डावर नाही, खिडकीत नाही, शेजारणीच्या हातात नाही. अण्णांचा कामावरचा जोडीदार एकदा खांबावर असताना खाली कुणीतरी फ्यूज लावून दिला. घरात अंधार का म्हणून लावला, वाईट हेतू नव्हता. त्या माणसाची उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो आमच्याकडे यायचा तेव्हा आई त्याला चहा कपात न देता मोठ्या दांडीच्या पेल्यात द्यायची, म्हणजे त्याला धरता येई.

अण्णांना सुट्टीच्या दिवशी कॉलनीत घरोघर कामं असायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर जायचे. एकदा शिडीवर वाकताना त्यांच्या खिशातून फ्यूज पडला आणि फुटला. तेव्हापासून फ्यूज माझ्याकडे. मी शिडीच्या पायाशी बसायचं आणि अण्णा खाली उतरेपर्यंत हलायचं नाही. माझ्या फ्रॉकला खिसा नव्हता. आईनं त्याच दिव्याखाली बसून पुढच्या बाजूला एक खिसा लावून दिला. जाड खाकी कापडाचा, अण्णांच्या जुन्या पँटचा. फुलाफुलांच्या फ्रॉकवर तो फार वाईट दिसायचा. शाळेतल्या मुली विचारायच्या, हा काय पोस्टमनचा फ्रॉक आहे का? मला त्याचं काही वाटत नसे. खिशात फ्यूज असला की चार घरांच्या बायका मला विचारायच्या, "बाई, लाईट कधी देतेस?" आणि मी सांगायचे, "अण्णा उतरले की."

एकदाच चुकले. उसाचा हंगाम होता. एका क्वार्टरमध्ये साखरपुड्याची तयारी चालली होती आणि अण्णा माळवदाखाली लोंबत्या वायरी बांधत होते. बाहेर रस्त्यावर बैलगाड्यांची रांग आली, कारखान्याकडे चाललेली. पोरं गाड्यांच्या मागून ऊस ओढत होती. मी उठले आणि गेले. दोन गाड्या, तीन गाड्या करत पार कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत गेले. तिथे बसून अख्खा ऊस सोलून खाल्ला. इकडे साखरपुडा अंधारात. नवरीकडचे कंदील घेऊन आले होते. मला शोधून आणलं तेव्हा अण्णा शिडीच्या खालच्या पायरीवर बसले होते. आता मार बसणार, हे मला माहीत होतं.

"फ्यूज कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी खिशावर हात मारला. टक्क आवाज आला.

"मग ठीक हाय," ते म्हणाले आणि पुन्हा शिडीवर चढले. नवरीच्या मामानं आरडाओरडा केला तर वरूनच म्हणाले, "पोरगी हरवली व्हती, फ्यूज न्हाई. फ्यूज हरवला आसता अन कुनी तार गुंडाळून लाईट चालू केली आसती, तर तुमी आज माझ्या मयताला आला आसता." तेव्हा मला ते उलटं वाटलं. पोरीपेक्षा फ्यूज मोठा? घरी येऊन मी रडले. आईनं खिशाला झाकण आणि वर बटण लावलं, समजूत म्हणून तेवढंच.

तर त्या शनिवारी माझ्या अंगात पंजाबी ड्रेस होता आणि त्याला खिसा नव्हता. बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात, हे मी शिंप्यांना विचारून थकले आहे. फ्यूज पर्समध्ये टाकता आला असता. पण अण्णा समोर उभे होते आणि त्यांनी हात पुढे केला होता.

दादा म्हणाला होता, कशाला हात लावू द्यायचा नाही. फ्यूज सांभाळणं म्हणजे हात लावणं नव्हे, असा अर्थ मी काढला. तो मला सोयीचा होता. मी फ्यूज त्यांना दिला. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला. वजनानं खिशाला झोळ आला. बोळात बोर्डाखाली खुर्ची ओढून ते बसले आणि त्यांची पाठ ताठ झाली. बऱ्याच दिवसांनी असं बसलेलं मी त्यांना पाहिलं.

मी खोलीत सॉकेटचे स्क्रू काढायला घेतले. वहिनी स्वयंपाकघरातून बोळात आली ते मला ऐकू आलं.

"मामा, दोन मिनिटं फ्यूज द्या ना. चटणी तेवढी फिरवून घेते."

"न्हाई."

"अहो, ताई अजून सॉकेटाचं झाकणच काढतायत. दोन मिनिटांत काय होतंय?"

"दोन मिनिटात मानूस मरतं. एकच लागतं खरं तर."

"मग चटणी पाट्यावर वाटू का?"

"वाट की. चव लागंल."

वहिनी हसत खोलीत डोकावली. "ताई, तुमच्या वडिलांना वॉचमन म्हणून कुठं लावा."

सॉकेट भिंतीतून ओढलं. आत एक भोक काळं पडलेलं आणि त्यात अजून अर्धी काडी. मी ती चिमट्यानं काढून खिडकीत ठेवली. मागच्या तारांची टोकं करपली होती, तेवढी कापून नवी सोलली. नव्या सॉकेटात तिन्ही आपापल्या जागी आवळल्या, एकेक ओढून पाहिली. झाकण लावलं. दिवा गिट्ट्यांवर चढवला. पाच वाजत आले होते.

"अण्णा, फ्यूज आणा," मी हाक मारली.

बोळात गेले तर खुर्ची रिकामी. दाराशी त्यांच्या चपला नव्हत्या.

वहिनीला वाटलं होतं ते माझ्याजवळ आहेत. मला वाटलं होतं ते खुर्चीवर आहेत. तिचा चेहरा उतरला. "ताई, मागं बाजारच्या दिवशी असेच गेले होते. दोन तास सापडले नाहीत. शेवटी भाजीवाल्यानं आणून सोडलं. यांनी तेव्हाच सांगितलं होतं, एकटं सोडायचं नाही."

हे मला दादानं सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

आम्ही दोघी दोन बाजूंना गेलो. न्हाव्याच्या दुकानात नव्हते. चहाच्या टपरीवर नव्हते. पाराजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं सांगितलं, मघाशी घाईनं वर रस्त्याकडे गेले, विचारलं तर थांबले नाहीत. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागे दोन-दोन जोडलेल्या. मी सहसा घाबरत नाही. त्या ट्रॉल्यांकडे बघताना घाबरले. दादाला काय सांगायचं, हेही डोक्यात आलं, आणि ते आधी आलं याची लाज वाटली.

रस्त्याच्या कडेला गावाची डीपी आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. भोवती जाळीचं कुंपण. कुंपणाबाहेर अण्णा उभे होते. मान वर करून एकेक तार बघत होते. डावा हात सदऱ्याच्या खिशावर दाबून धरलेला होता.

मी जवळ गेले. धाप लागली होती.

"इथं काय करताय, अण्णा?"

"घरातली लाईट गेली," ते म्हणाले. "वाटलं डीपीवर काय झालं का बघावं. हिथं तर समदं बराबर हाय. शेजारच्यांची लाईट चालू हाय. म्हंजी खोट आपल्याच घरात."

विचार अगदी नीट होता. चाळीस वर्षं ते असाच विचार करत आले. फक्त लाईट का गेली, तेवढं सुटलं होतं.

"तुमच्या खिशात काय आहे?"

त्यांनी खिशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. हात तिथे का आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं दिसलं. फ्यूज बाहेर काढला. तळहातावर उलटासुलटा करून पाहिला. मग चेहरा बदलला, एकदम कामावरचा झाला.

"कोन हाय लाईनवर?"

"मी आहे."

"मग हिथं कशाला आलीस? काम टाकून लाईनवरनं जात्यात का?"

"झालंय काम. फ्यूज न्यायला आले."

"आसं व्हय." त्यांनी फ्यूज परत खिशात ठेवला, वरून थोपटला. "चल मग."

घरी आल्यावर मी सॉकेटाचं झाकण पुन्हा बघितलं, बोळात येऊन मेन पाडला. त्यांनी फ्यूज काढून माझ्या हातात दिला आणि तो सोडण्याआधी म्हणाले, "हितनं फुडं हा माझ्याकडं देत जाऊ नका."

"पण तो हरवला नाहीत तुम्ही."

"खिशात ऱ्हायला. डोस्क्यात न्हाई ऱ्हायला." मग माझ्या कपड्याकडे बघून म्हणाले, "तुझा खिसा कुठंय?"

"याला नाही."

"मग शिव की. आईची मशीन हाय."

मी फ्यूज लावला. मेन वर केला. सॉकेटात टेस्टर घातला: उजवं भोक पेटलं, डावं नाही, वरचं नाही. प्लग घातला, दिव्याचं बटण दाबलं. उजेडाचा गोल उशीवर पडला. दिव्याच्या पितळी अंगाला टेस्टर लावून बघितला, पेटला नाही. मग बोटाची मागची बाजू लावली. काही नाही. थंड पितळ.

दादा सातला आला. मी त्याला सगळं सांगितलं, अण्णांच्या समोर. लपवून उपयोग नव्हता, पारावरच्या म्हाताऱ्यांनी उद्या सांगितलंच असतं.

"बघ," दादा म्हणाला. "म्हणून मी म्हणत होतो."

"तुझं बरोबर आहे, त्यांना एकटं सोडायचं नाही. फ्यूज त्यांच्याकडे देण्यात माझी चूक झाली. पण पॉइंटचा त्यात काय दोष? प्लग घट्ट आहे, अर्थिंग आहे, काडी घालायची वेळच येत नाही."

"आणि परत काही जोडायला गेले तर?"

मी त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेले. दुपारी वहिनीला पाटा काढून देताना मला जे दिसलं होतं, ते दाखवलं. मिक्सरचा प्लग सैल सॉकेटात बसत नव्हता, म्हणून शेजारी पाचर मारलेली होती. आगपेटीच्या काडीची.

"ही कुणी मारली? अण्णांनी?"

दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं दादाकडे.

"ती वर्षभरापासून आहे," दादा म्हणाला. "त्यानं काही होत नाही."

खोलीतून अण्णांचा आवाज आला. "काडी चुलीसाठी आसती."

वहिनीला हसू आवरेना. दादा हसला नाही, पण खुर्चीवर बसला. जेवणं होईपर्यंत ठरलं ते असं: पॉइंट राहील. रविवारी वायरमन येईल, पण विजेची गळती झाली की आपोआप पडणारा ब्रेकर बसवायला. हत्यारांचं कपाट कुलपातच राहील. त्याला अण्णांनी मान डोलावली. टेस्टर तेवढा त्यांनी मागितला नाही. मी वाट पाहत होते, पण मागितला नाही.

रात्री ते नवाच्या आधी झोपले. दिवा स्वतः बंद केला. बटणाचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

सकाळी सहाला उठले. वायरमन अकराला येणार होता. आईची मशीन अण्णांच्या खोलीतच खिडकीखाली आहे, पण खिडकीतून अजून पुरेसा उजेड येत नव्हता. अण्णा जागे होते. त्यांनी दिवा लावला आणि दांडा माझ्याकडे वळवला. वहिनीनं दादाची फाटकी पँट दिली. कापडाचा एक चौकोन कापून मी ड्रेसच्या उजव्या बाजूला लावला. शिलाई दुहेरी घातली, कोपऱ्यांना टाके मारले. फिकट गुलाबी ड्रेसवर काळा खिसा. बटण शोधत बसले नाही.

मग मेन पाडून घराचा फ्यूज काढला, मेन वर केला. स्वयंपाकघरातल्या काडीवाल्या सॉकेटापाशी जाऊन टेस्टरनं बघितलं, मोटारीच्या सॉकेटात बघितलं. अण्णा काठी घेऊन मागोमाग आले आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. हात मांडीवर, दोन्ही रिकामे.

"फ्यूज कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी खिशावर हात मारला आणि पहिला स्क्रू सैल केला.